एक कॅसेट, तीन टेप

सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत गेला की आता दोन दिवस डोळे चुरचुरतात. पूर्वी तासाभरात विसरून जायचे. मी वाशीमच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नोकरीची चार वर्षं उरली आहेत, गुडघे बोलायला लागलेत, आणि घरात मागच्या खोलीत माझं एक टेबल आहे. त्यावर सोल्डर, मल्टिमीटर, स्क्रू ठेवायच्या बाटल्यांची झाकणं आणि उघडून ठेवलेलं काहीतरी असतंच. सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतल्या, सेलऐवजी लावायच्या, बंद पडलेल्या बॅटरी एलिमिनेटरपासून झाली. दुरुस्तीला कोणी येईना म्हणून मीच उघडला. आत एक तार सुटलेली होती. ती जोडली आणि दिवा लागला. त्यानंतर वीस वर्षं मी या टेबलाशी बसते आहे. रेडिओ, मिक्सर, शेजारणीची इस्त्री. मॅडमला नाद आहे, असं लोक म्हणतात आणि नाद आहेच.

कॅसेटचं काम मात्र नादापायी सुरू झालं नव्हतं.

माझा मोठा भाऊ, दादा, आमच्या गावी, रिठदला, शेती करतो. त्याने घरावरचे पत्रे बदलायला काढले तेव्हा आढ्याजवळच्या एका पत्र्याच्या डब्यात, जुन्या पगाराच्या पावत्यांखाली, एक कॅसेट निघाली. पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘आमचा कार्यक्रम’. अक्षर बाबांचं होतं.

बाबा रस्त्याच्या गँगवर होते. दिवसभर खडी आणि डांबर, आणि भीमजयंतीच्या महिन्यात गायन पार्टी. हातरुमालात भाकर बांधून ते गावोगाव जायचे, दोन-दोन दिवस यायचे नाहीत. मी सहावीत होते तेव्हा काविळीने गेले. त्यांचा एक फोटो आहे, ओळखपत्रासाठी काढलेला, त्यात त्यांनी श्वास रोखून धरल्यासारखं वाटतं. आवाज कुठेच नव्हता. आम्ही दोघं बहीण-भाऊ मात्र सगळ्यांना सांगत आलो की आमचे बाबा गायक होते. मी शाळेत सांगितलं, सासरी सांगितलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्येसुद्धा सांगितलं.

दादा कॅसेट घेऊन वाशीमला आला. माय माझ्याकडेच राहते, बी.पी.च्या आणि साखरेच्या गोळ्यांवर. तिच्या हातात त्याने कॅसेट दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. दादा मला म्हणाला की बुद्धपौर्णिमेला रिठदच्या विहारात लाऊडस्पीकरवर हे लावायचं, गावाला ऐकू दे. मी हो म्हटलं. पौर्णिमेला पाच महिने होते. कॅसेट वाजवायला पाच महिने लागतील असं तेव्हा कोणाला वाटलं असतं?

वाजवायला टेप नव्हता. लोकांनी केव्हाच भंगारात दिले. मी ऑनलाइन एक मागवला, तळहाताएवढा, कॉम्प्युटरला जोडायचा. माझ्या अनुभवाच्या बाईने तो घ्यायला नको होता. वजन पाहिलं असतं तरी कळलं असतं. आतलं चाक इतकं हलकं की फिरताना स्वतःच डुगडुगत होतं. चाचणीसाठी मी बाजारातली एक जुनी गाण्यांची कॅसेट लावली, तर गाणारी बाई झोपाळ्यावर बसून गाते आहे असं वाटलं. बाबांची कॅसेट त्यात घालायची हिंमत झाली नाही.

मग बसस्टँडच्या मागे एका जुन्या मेकॅनिककडे गेले. एके काळी त्याच्याकडे टेप दुरुस्तीला रांग असायची, आता तो मोबाइलच्या काचा बदलतो. त्याच्या माळ्यावर बंद पडलेले काही टेप होते. त्याने ते खाली काढून पुसले. त्यात एक दोन कॅसेटचा, मोठा, समोर दिव्यांच्या पट्ट्या असलेला होता. लहानपणी आमच्या सरपंचाकडे तसाच होता. माझं बोट तिकडेच गेलं.

“दिसण्यावर जाऊ नका मॅडम,” तो म्हणाला. “अंदर सब प्लास्टिक हाये.”

मी ऐकलं नाही. घरी आणून चार रविवार घातले. दिवे लागले, मोटर फिरली, पण बटण दाबलं की आत कट् असा आवाज येऊन सगळं थांबायचं. शेवटी तळाशी एक दातेरी चाक सापडलं, त्याचे दोन दात गेलेले. तसं चाक कुठे मिळेना. दुसऱ्या बाजूचं चाक काढून बसवायला गेले तर ते माझ्या चिमट्यातच तुटलं. इतकी वर्षं मुलांना सांगते की जोर लावण्याआधी पाहा. मी न पाहता जोर लावला होता.

पुन्हा मेकॅनिककडे गेले. तो हसला नाही, ही त्याची भलाई. त्याने एक काळा, वजनदार, एकाच कॅसेटचा डेक पुढे ठेवला. दिवे नाहीत, बटणं पाच. मग त्याने मला टेप कसा निवडायचा ते दाखवलं, आधीच दाखवणार होता म्हणे. झाकण उघडून हेडवरून, म्हणजे कॅसेटची पट्टी जिथे घासत जाते त्या तुकड्यावरून, नख फिरवायचं. नख कुठे अडलं तर हेड झिजलेलं, तो टेप घ्यायचा नाही. मग आतलं जड चाक बोटाने फिरवून सोडायचं आणि ते किती वेळ फिरत राहतं ते पाहायचं. बेल्ट गेलेला असला तर चालतो, बेल्ट मिळतो. हेड आणि चाक मिळत नाही.

बेल्ट गेलेलाच होता. गेलेला म्हणजे वितळून डांबर झालेला. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन मी दोन दिवस ते डांबर खरवडत बसले. बोटं तीन दिवस काळी राहिली. स्टाफरूममध्ये विचारलं तर काय सांगणार, मेंदी म्हणून सांगितलं. नव्या बेल्टचं माप शिवणाच्या दोऱ्याने घेतलं. पहिला बेल्ट आला तो घट्ट निघाला, मोटर कण्हायला लागली. दुसरा बरोबर बसला. मग स्पीड लावायचा होता. मोटरच्या पाठीमागे एक भोक असतं, त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करता येतो. किती करायचा हे कळायला काहीतरी माप लागतं. बाजारातल्या त्याच कॅसेटमधलं एक गाणं मोबाइलवर सापडलं. मोबाइल आणि टेप शेजारी ठेवून दोन्ही आवाज एक होईपर्यंत स्क्रू फिरवला. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते जमलं. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलच्या बरोबरीने गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायला खुर्चीत बसवलं आणि बाबांची कॅसेट लावली. आधी खरखर, मग पेटी, ढोलकी, टाळ्या. मग एक आवाज उठला, उंच, पातळ, घाईघाईने शब्द उचलणारा. मागून कोरस. मी डोळे मिटून ऐकलं. माझ्या आठवणीतला आवाज जाड होता, पण सहावीतल्या आठवणीचा काय भरवसा. कडवं संपलं तशी मी मायकडे पाहिलं.

“हा त्याइचा आवाज नोहे,” माय म्हणाली.

मी तिला समजावून सांगितलं. टेपमुळे आवाजात फरक पडतो, तो माणूस समोर नसतो, मध्ये चाळीसहून जास्त वर्षं गेली आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली.

दादाला मोबाइलवर पाठवलं. तो शेतातच ऐकत बसला. मग त्याने फोन केला. म्हणाला की बाबाच आहेत, त्याला पहिल्या ओळीलाच कळलं. त्याने विहारात सांगूनही टाकलं होतं.

पण मायचं बोलणं मला सोडेना. पुन्हा ऐकल्यावर मलाही वाटायला लागलं की हे जरा जास्तच भरभर आहे. ढोलकी वाजते आहे की पळते आहे कळत नव्हतं. दोष टेपचाच असणार, असं धरून मी पुन्हा स्क्रू घेऊन बसले. आणखी एक महिना गेला. रबराचं चाक बदललं. हेड साफ केलं. मोटरला तेलाचा एक थेंब दिला. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून स्टॅबिलायझर लावला. दर वेळी बाजारातली कॅसेट बरोबर वाजायची आणि बाबांची भरभर. मग मी वेग नुसत्या अंदाजाने कमी करून मायला ऐकवायला लागले. थोडा कमी, आणखी कमी. ती जेवताना, ती भाजी निवडताना, ती दुपारी आडवी झाल्यावर. दर वेळी ती मान हलवायची.

एकदा माझा तोल गेला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडलेला होता, पाठ धरली होती. मी म्हटलं, “माय, तुला आता ऐकू कमी येतं. तुला कसं कळणार?”

त्यानंतर मी टेप लावला की ती हातातलं काम सोडून गच्चीवर जायची, गुडघे दुखत असूनही. मला ते कळत होतं आणि मी काही केलं नाही.

शेवटी मोबाइलचा नाद सोडून मी पेटीचा विचार केला. कॅसेटमध्ये पेटी वाजत होती. पेटीचे सूर ठरलेले असतात. ती पेटी कुठे असेल तर कॅसेटचा खरा वेग तीच सांगेल. दादाला विचारलं तर तो म्हणाला की पार्टीतला पेटीवाला किन्हीराजाचा होता, अजून आहे. मी फोनवर त्यांना काय काम आहे ते सांगितलं आणि एका रविवारी कॅसेटची नक्कल लॅपटॉपमध्ये घेऊन आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावमार्गे किन्हीराजाला गेले. लॅपटॉपमध्ये वेग कमी-जास्त करणं सोपं होतं, डेक उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती.

पेटीवाले काका सत्तरीच्या पुढचे, अंगाने बारीक. जय भीम केलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला, आणि माझ्याकडे बघत राहिले. बाबांचं नाव घेऊन म्हणाले की नाक त्याचंच आहे. पेटी खाटेखाली कापडात गुंडाळलेली होती. दोन पट्ट्या बसल्या होत्या, भाता एका बाजूने फुसफुसत होता. पण वाजत होती.

मी गाणं लावलं. काका ऐकत पट्ट्यांवर बोट फिरवत गेले आणि थांबले.

“ही माहीच पेटी,” ते म्हणाले. “पण एवढी कवा चढली? आमी काळी एकात गात होतो. हे तं काळी दोनच्याई वर हाये.”

मी पुढचं गाणं लावलं, मग शेवटचं. दर गाण्याला सूर आणखी वर सरकत होता. शेवटच्या गाण्यात पेटी पांढरी चारपर्यंत गेली होती. पेटी असं करू शकत नाही. मला एकदम कळलं आणि माझाच राग आला, कारण हे मी रोज वर्गात शिकवते. रेकॉर्ड करणाऱ्या टेपचे सेल उतरत चालले होते. सेल उतरले की टेप हळू फिरतो, आणि हळू भरलेलं बरोबर वेगाने वाजवलं की भरभर ऐकू येतं. माझा डेक पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

काकांना विचारलं तर त्यांना आठवलं. टेप गावातल्या शाळेच्या गुरुजींचा होता, मागून आणलेला. सेल जुने होते, दिवसभर छपरावर उन्हात ठेवून तापवले होते. बाबांनीच ठेवले होते. टेप चालवायचं काम बाबांकडे होतं.

मी एकेका गाण्याचा वेग कमी करत गेले आणि काका पेटीवर काळी एक धरून बसले. दोन्ही सूर एकमेकांत मिसळले की ते हात वर करायचे. पहिलं गाणं लागलं. ढोलकी चालायला लागली, पळायची थांबली. आणि तो आवाज खाली आला, भरला, शब्दाच्या शेवटी किंचित फाटणारा झाला. मला वाटलं, हाच. माझ्या आठवणीतला जाड आवाज हाच.

काका रडत होते. मीही डोळे पुसले. थोड्या वेळाने मी म्हटलं की मायला आता पटेल, बाबांचा आवाज खरा मिळाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच पेटीचा भाता बंद केला.

“पोरी, हा तुह्या बाबाचा आवाज नोहे,” ते म्हणाले. “हा माहा मोठा भाऊ. बुवा तोच होता आमच्या पार्टीचा. तुहा बाबा मांगं कोरसात राहे.”

चहा आला होता, तो मी प्यायले. काका सांगत राहिले. भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली, त्याचा आवाज कोणाकडे तरी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि कोरस आला की बोट वर केलं. टेप बाबांच्या मांडीजवळ ठेवलेला असायचा, म्हणून त्यांची टाळी सगळ्यांत जवळची. त्या टाळीच्या मागे एक आवाज आहे, मध्यम, ना उंच ना खोल, ओळीचा शेवट थोडा आधीच सोडून देणारा. श्वास कमी पडायचा, असं काका म्हणाले. दिवसभर डांबराच्या धुरात काम.

चार गाण्यांत मिळून तो आवाज वेगळा असा चार-पाच ओळींतच ऐकू येतो. बाकी ठिकाणी तो सगळ्यांत मिसळून गेला आहे.

निघताना काकांनी विचारलं की हे त्यांच्या मोबाइलमध्ये येईल का. मी तिथेच टाकून दिलं, वेग बरोबर केलेलं. त्यांच्या सुनेने सासऱ्याला कुठे दाबायचं ते दाखवलं. मी बसची वाट पाहत उभी होते तेव्हाही घरातून ते गाणं ऐकू येत होतं. एका घरी तरी हवा तो आवाज पोहोचला, हे चांगलं झालं. मला तेव्हा मात्र चांगलं वगैरे काही वाटलं नाही. पाय दुखत होते आणि मालेगावला बस बदलायची होती.

घरी आले तर माय ओट्यावर मेथी निवडत होती. मी तिच्याशेजारी बसले. काय सांगावं, कसं सांगावं, काही ठरवलं नव्हतं. मी नुसतं गाणं लावलं. बुवाचा आवाज चालू होता तोवर ती मेथी निवडत राहिली. कोरस आला आणि तिचे हात थांबले.

“हे पाह्य,” ती म्हणाली. “हे.”

मी थांबवून पुन्हा तेवढंच लावलं. तिने पुन्हा ऐकलं. मग मी विचारलं की ते मुख्य गायक नव्हते हे तुला माहीत होतं, तर आधी का नाही सांगितलंस.

“कायले सांगू?” ती म्हणाली. “तुमी दोघं लहान होते, साऱ्या गल्लीत सांगत फिरत, आमचे बाबा गाते. त्याइले लाज वाटे, पण चांगलंई वाटे. अन् गातच होते ना. खोटं कुठी होतं.”

मी तिची माफी मागितली, ऐकू कमी येतं म्हटल्याबद्दल. तिने ते खरं आहे म्हणून सांगितलं, डाव्या कानाने कमीच येतं. मग मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

दादाला सांगणं अवघड गेलं. फोनवर सांगितलं, आणि तो बराच वेळ वाद घालत राहिला. काका म्हातारे झाले, त्यांना काय आठवतं, असं म्हणाला. मग मी माय काय म्हणाली ते सांगितलं, तेव्हा त्याने वाद सोडला. विहारात काय लावायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. गावाला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, तेच लावू, पण बुवाचं नाव सांगून. त्याने फोन ठेवून दिला. पौर्णिमेला मी रिठदला गेले तर लाऊडस्पीकरवर दुसरीच गाणी चालू होती. कोणी विचारलं तर दादा सांगत होता की कॅसेट खराब निघाली. खिरीचं पातेलं उतरवायला हात दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

काळा डेक अजून टेबलावर आहे. बेल्ट थोडा सैल झाला असावा, परवा आवाज जरा डळमळला. उघडून पाहायला हवं. मी झाकणाचे दोन स्क्रू काढले, आतलं जड चाक बोटाने फिरवलं, ते बराच वेळ फिरत राहिलं. मग स्क्रू परत लावून टाकले. शाळेची कामं पडली आहेत, माझ्याच्याने आत्ता होणार नाही.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. सोयाबीनबद्दल बोलला, मायच्या गोळ्यांबद्दल विचारलं, फोन ठेवता ठेवता थांबला.

“ते कोरसातलं कुठी येते?” त्याने विचारलं. “किती मिनिटावर?”

मी सांगितलं. तिसरं गाणं, दुसऱ्या कडव्यानंतर, टाळी जिथे जवळून ऐकू येते तिथे. त्याने लिहून घेतलं असावं, कारण मला तो आकडा दोनदा सांगायला लावला.